पत्र्याच्या डब्यातले दोन पॅच आणि नऊशे डॉलरचा एक

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून गेली नऊ वर्षे नॉर्थ कॅरोलायनातील केरी येथे राहतो. आमच्या शेजारच्या आजींनी घर आवरताना आपल्या दिवंगत यजमानांचा एक पत्र्याचा डबा मला दिला. त्यात व्हिएतनाम युद्धातील दोन भरतकामाचे कापडी पॅच निघाले. एकावर ‘एल कंपनी, ७५ वी इन्फंट्री, रेंजर’ असे लिहिले आहे आणि दुसरा बाणाच्या पात्याच्या आकाराचा असून त्यावर ‘रीकॉन्डो’ हा शब्द आहे. तेव्हापासून मला हा नादच लागला. आतापर्यंत मी ऑनलाइन आणखी अकरा पॅच घेतले असून त्यातले सात एसओजी या अमेरिकी लष्कराच्या गुप्त गटाच्या रेकी (टेहळणी) टीमचे, म्हणजे ‘आरटी’ आणि पुढे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचे नाव असलेले आहेत. आता एक विक्रेता ‘१९६८ मध्ये लाओसच्या जंगलात गस्तीवर प्रत्यक्ष वापरलेला’ आरटी पॅच प्रमाणपत्रासह नऊशे डॉलरला देऊ करतो आहे. तो घ्यावा का? माझ्याकडचे खरे आहेत का? पत्नी म्हणते की दुसऱ्यांच्या युद्धाच्या वस्तू घरात कशाला हव्यात. दोन वर्षांनी आम्ही कायमचे सांगलीला परतणार आहोत, तेव्हा हे सारे तिथे टिकेल का? सोबत सर्वांची छायाचित्रे पाठवत आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

नऊशे डॉलरचा पॅच घेऊ नये. छायाचित्रात त्याचे भरतकाम वाईट दिसत नाही, उलट तुमच्याकडच्या सात आरटी पॅचपेक्षा ते बरेच जिवंत आहे. मला खटकते ती त्याच्यासोबत आलेली गोष्ट. ती विक्रेत्याने सांगितली नसती, तर तो पॅच कदाचित अधिक विश्वासार्ह वाटला असता.

एसओजी हे लघुरूप ‘स्टडीज अँड ऑब्झर्व्हेशन्स ग्रुप’ या मुद्दाम निरुपद्रवी ठेवलेल्या नावाचे आहे. जानेवारी १९६४ मध्ये उभारलेल्या या गटाच्या रेकी टीम १९६५ पासून सीमा ओलांडून लाओसमध्ये आणि १९६७ पासून कंबोडियातही जाऊ लागल्या. हो चि मिन्ह मार्ग या उत्तर व्हिएतनामच्या रसदवाटेवरून दक्षिणेकडे येणारी माणसे, ट्रक आणि दारूगोळ्याचे साठे हुडकणे हे त्यांचे मुख्य काम होते. अडचण अशी होती की १९६२ च्या जिनिव्हा करारानुसार लाओस तटस्थ होता आणि तेथे आपले सैनिक लढत असल्याचे अमेरिका मान्य करत नव्हती. त्यामुळे सीमेपलीकडे जाणारा माणूस मेला किंवा पकडला गेला, तरी त्याच्या अंगावर तो कोणत्या देशाचा आहे हे सांगणारी खूण सापडता कामा नये, अशी काळजी घेतली जात असे. गणवेश बिनखुणेचा असे, गळ्यातली ओळखपट्टी मागे ठेवली जाई, सुरीवर बनवणाऱ्याचे नाव नसे आणि कित्येकदा बंदूकही परदेशी किंवा शत्रूकडून मिळवलेली असे. इतकी खबरदारी घेणारी टीम छातीवर किंवा दंडावर ‘आरटी’ आणि अमेरिकेतल्या राज्याचे नाव रंगीत रेशमी धाग्याने भरून लाओसमध्ये उतरेल का, याचा विचार तुम्हीच करावा.

मग हे पॅच होते कशासाठी? ते तळावरचे होते. दा नांग, कोन्तुम आणि बान मे थुओत या तीन ठिकाणी एसओजीची मैदानी केंद्रे होती. तेथील खोल्यांच्या भिंतींवर, टोप्यांवर, खिशाला लटकवलेल्या चामडी तुकड्यांवर आणि विशेषतः मौजेच्या प्रसंगी घालायच्या जाकिटांवर हे पॅच दिसत. टीममधल्या कोणीतरी कागदावर कवटी, साप किंवा वीज रेखाटायची आणि गावातल्या शिंप्याकडे नेऊन दहा-पंधरा नग करून आणायचे, असा तो बहुतेक घरगुती मामला होता. त्याला सरकारी मंजुरी नव्हती, नमुना नव्हता आणि नोंदवहीही नव्हती. एकाच टीमचे वेगवेगळ्या वर्षांचे पॅच वेगळे असू शकतात, आणि एकाच दिवशी एकाच शिंप्याने केलेले दोन पॅचही तंतोतंत सारखे नसतात. ज्याचा अधिकृत नमुनाच अस्तित्वात नाही, त्याची नक्कल ओळखायची तरी कशाशी ताडून, हा या छंदातला मूळ पेच आहे. इतर लष्करी चिन्हांच्या बाबतीत शिकलेले नियम येथे अर्धेच लागू पडतात.

आता तुमच्या सात आरटी पॅचकडे वळू. भरतकाम करणाऱ्या आपल्याकडच्या बायका कोणाचाही रुमाल हाती आला की आधी उलटा करून पाहतात. तुम्हीही मागच्या बाजूची छायाचित्रे पाठवलीत, हे फार चांगले केले. सातही पॅचच्या मागे एकच पांढरा बॉबीनचा धागा एकसारख्या ताणाने धावतो आहे, खाली न विणलेल्या कडक अस्तराचा तोच थर आहे आणि काठाला जाड, गोल, दोरीसारखी शिलाई आहे. या शिलाईला अमेरिकेतील मेरो कंपनीच्या यंत्रांवरून ‘मेरो काठ’ म्हणतात. युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत तो होत असे, पण व्हिएतनामी गल्लीतल्या शिंप्याकडे ते यंत्र नव्हते. तो साध्या शिलाई मशीनखाली कापड हाताने फिरवत अक्षरे भरत असे, मग कडेने कापून किंवा दुमडून काम संपवत असे. त्यामुळे त्याच्या कामात टाक्यांची लांबी कमीजास्त असते, अक्षरे थोडी तिरकी जातात, धागा मध्येच बदललेला दिसतो आणि मागे गाठी, उड्या मारणारे धागे, कधी कागदाचे किंवा जाळीदार कापडाचे तुकडे सापडतात. तुमच्या सातांपैकी दोन एकाच टीमचे आहेत. ते एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. छायाचित्रावरून मला वाटते की त्यांचा टाका टाक्यावर बसेल, आणि तसे झाले तर ते संगणकावर चालणाऱ्या भरतकाम यंत्राचे काम आहे, जे त्या युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी आले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही सात नावे आहेत.

मात्र याचा व्यत्यास खरा मानू नका. हाताने कापड फिरवून भरलेला पॅच म्हणजे युद्धकाळातला पॅच, असे मुळीच नाही. तीच यंत्रे, तेच कसब आणि कित्येकदा त्याच घराण्यातली माणसे युद्धानंतरही तेथेच होती. १९९४ मध्ये अमेरिकेने व्हिएतनामवरील व्यापारबंदी उठवली आणि परदेशी पर्यटकांचा ओघ वाढला, तेव्हा हो चि मिन्ह शहरातल्या येर्सिन रस्त्यावरील दान सिन्ह बाजारासारख्या ठिकाणी जुन्या लष्करी मालाशेजारी नवे ‘जुने’ पॅच विकायला ठेवलेले असत. ते चहाच्या पाण्यात बुडवलेले, उन्हात वाळवलेले आणि दगडावर घासलेले असू शकतात. शिवाय खुद्द माजी सैनिकांनीही आपल्या मेळाव्यांसाठी जुन्या नमुन्यांवरून पॅच करून घेतले. त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता, पण असा पॅच मालकाच्या पश्चात बाजारात आला की त्याच्यासोबतची ‘सैनिकाच्या घरातून मिळाला’ ही ओळ खरी असते आणि पॅच मात्र युद्धानंतर वीस-तीस वर्षांनी केलेला असतो.

शब्दलेखनाची चूक असेल तर पॅच अस्सल, कारण शिंप्याला इंग्रजी येत नव्हते, असा एक समज या छंदात खोल रुजलेला आहे. तो एके काळी काही अंशी उपयोगाचा होता. आज नकली पॅच करणाऱ्यांनाही तो ठाऊक असल्याने चुका मुद्दाम भरल्या जातात. मी स्वतः एकदा एका प्रदर्शनात रेंजर कंपनीची अशीच एक चुकीच्या स्पेलिंगची पट्टी मोठ्या आनंदाने घेतली होती आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच टेबलावर तीच चूक, त्याच तिरक्या अक्षरासह, अर्धा डझन पट्ट्यांवर पाहिली. ती पट्टी माझ्याकडे अजून आहे. नव्या मंडळींना दाखवायला ती फार उपयोगी पडते.

अतिनील दिव्याची परीक्षा तुम्ही केलीत आणि दोन पॅच चमकले म्हणून घाबरलात. ती परीक्षा करावी, पण तिला न्यायाधीश मानू नये. पांढरेपणा वाढवणारी चमकद्रव्ये नंतरच्या काळातल्या धाग्यांत सर्रास असतात, म्हणून पॅच चमकला की शंका घ्यायची, हा त्यामागचा तर्क आहे. परंतु हीच द्रव्ये युद्धाच्या आधीपासून धुण्याच्या पावडरीत होती, त्यामुळे अनेकदा धुतलेल्या शर्टावरचा अस्सल पॅचही निळसर उजळतो. उलट चमकद्रव्य नसलेला सुती धागा आजही बाजारात मिळतो, तेव्हा न चमकणे हाही पुरावा नव्हे. धागा जाळून पाहण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. सुती धागा कागदासारखा वास सोडून राख होतो आणि पॉलिएस्टर वितळून मणी बनते, हे खरे आहे, पण त्यासाठी पॅचचा धागा ओढू नका. आधीच सुटून पडलेला तुकडा असेल तर गोष्ट वेगळी.

मग विसंबावे कशावर? या विशिष्ट प्रकारच्या पॅचबाबत माझे मत ठाम आहे. वस्तू कोणाकडून, कशी आणि कोणत्या कागदांसह आली हे सांगता येत नसेल, तर भरतकाम कितीही सुंदर असले तरी तिची किंमत नकलेइतकीच धरावी. विक्रेत्याचे प्रमाणपत्र हा असा कागद नाही, कारण ते त्याने स्वतःच छापलेले असते. त्याला एवढेच विचारा की दुसऱ्या जाणकाराने वस्तू नाकारली तर मुदतीची अट न घालता पूर्ण पैसे परत करण्याचे तो लेखी देईल का. बहुतेक वेळा या प्रश्नावरच बोलणे संपते. मूळ सैनिकाचे नाव, त्याचा त्या काळातला तळावरचा फोटो, ज्यात तोच पॅच जाकिटावर किंवा भिंतीवर दिसतो, आणि त्याने किंवा कुटुंबीयांनी स्वहस्ते लिहिलेली चिठ्ठी, या तीन गोष्टी एकत्र असतील तर पॅच थोडा ओबडधोबड असला तरी घ्यावा.

आणि आता खरा आनंदाचा भाग. तुमच्याकडे जे अस्सल असण्याची दाट शक्यता आहे, ते तुम्ही विकत घेतलेलेच नाही.

आजींच्या डब्यातले दोन पॅच एकमेकांना दुजोरा देतात. १९६६ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल वेस्टमोरलंड यांनी व्हिएतनाममधील लष्करी तुकड्यांना लांब पल्ल्याच्या गस्तीची पथके उभारायला सांगितले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात न्हा त्रांग येथे त्यांच्या प्रशिक्षणासाठी रीकॉन्डो शाळा सुरू झाली. रेकी, कमांडो आणि पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन पायदळाचे ‘डोबॉय’ हे टोपणनाव यांचा संकर म्हणजे रीकॉन्डो हा शब्द. तो वेस्टमोरलंड यांनीच १९५० च्या दशकाच्या अखेरीस १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे प्रमुख असताना रूढ केला होता. सुमारे तीन आठवड्यांच्या त्या शिक्षणक्रमाची शेवटची परीक्षा म्हणजे शत्रूच्या प्रदेशातली खरीखुरी गस्त असे, आणि उत्तीर्ण होणाऱ्याला बाणाच्या पात्याचा तो पॅच खिशावर लावण्याचा मान मिळे. पुढे १९६९ च्या सुरुवातीला ही विखुरलेली गस्ती पथके ७५ व्या इन्फंट्रीच्या रेंजर कंपन्या म्हणून एका छत्राखाली आली. व्हिएतनाममध्ये ‘सी’ पासून ‘पी’ पर्यंत अक्षरांच्या तेरा कंपन्या होत्या. अमेरिकी लष्कराच्या जुन्या प्रथेप्रमाणे ‘जे’ अक्षर वगळलेले होते, म्हणून ‘जे कंपनी, रेंजर’ अशी पट्टी कोणी दाखवली तर नमस्कार करून पुढे जावे. ‘एल’ कंपनी होती ती नेमकी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनची. तेव्हा एल कंपनीचा जवान न्हा त्रांगच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन आला आणि दोन्ही पॅच एका डब्यात ठेवून घरी परतला, ही गोष्ट कोणी रचलेली नसून आपोआप जुळते. शाळा १९७० च्या अखेरीस बंद झाली, म्हणजे त्यांचा काळही साधारण ठरवता येतो. पट्टीच्या मागचा काळा धागा, एका कोपऱ्यातली वाकडी कड आणि शर्टावरून उसवल्याच्या खुणा हे सारे त्याला पोषकच आहे. मी हातात न घेता शिक्कामोर्तब करणार नाही, पण पैज लावायची वेळ आली तर मी या दोघांच्या बाजूने लावीन.

आता ही पैज पुराव्यात बदलण्याचे काम तुमचे आहे, आणि त्याला घाई आहे, कारण त्या युद्धात लढलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. आजींकडे चहाला जा, डबा सोबत न्या आणि त्यांना बोलू द्या. यजमान कोणत्या साली गेले, कधी परतले, पॅच कोणत्या कपड्यावर होते, ते कोणी उसवले, फोटो आहेत का, हे सारे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख घाला आणि त्यांची हरकत नसेल तर सही घ्या. त्यांच्याकडे डीडी २१४ नावाचा सेवामुक्तीचा कागद असेल. तो हरवला असेल, तर सैनिकाची पुनर्विवाह न केलेली विधवा या नात्याने त्या सेंट लुईस येथील राष्ट्रीय अभिलेख केंद्राकडून त्याची प्रत मागवू शकतात. १९७३ मध्ये त्या केंद्राला मोठी आग लागली होती, पण लष्करापुरते बोलायचे तर ती मुख्यत्वे १९६० पूर्वी सेवामुक्त झालेल्यांच्या नोंदींना भोवली, व्हिएतनामच्या नोंदींना नाही.

याच भेटीत एक अवघड प्रश्नही विचारावा लागेल. मुलांना किंवा नातवंडांना हे पॅच हवे आहेत का? घर आवरताना माणूस बरेच काही देऊन टाकतो आणि वर्षभराने त्याला हुरहुर लागते. त्यांनी ‘तूच ठेव’ म्हटले तर निर्धास्तपणे ठेवा. परत हवे असतील तर फोटो काढून, लिहून घेतलेल्या मजकुराची एक प्रत सोबत देऊन परत करा. संग्राहक म्हणून तुमचे यात फारसे नुकसान होत नाही.

तुमच्या पत्नीचा प्रश्न मला तुमच्या सर्व प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा वाटला. दुसऱ्यांच्या युद्धाच्या वस्तू घरात कशाला, याला ‘इतिहासाची आवड’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण कवटीचे चित्र भरलेले कापड दिवाणखान्यात टांगणे ही आवडीपेक्षा वेगळी गोष्ट होऊ शकते. मी त्यांना एवढेच सुचवीन की त्यांनी हा विषय तुम्ही राहता त्या नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने पाहावा. रेकी टीममध्ये साधारणतः दोन-तीन अमेरिकन असत आणि त्यांच्याहून जास्त माणसे स्थानिक असत. त्यांत नुंग या अल्पसंख्य जमातीचे लोक होते, व्हिएतनामी होते आणि मोठ्या संख्येने मध्य पठारावरच्या डोंगरी जमातींचे लोक होते, ज्यांना फ्रेंचांनी ‘मॉन्तन्यार’ म्हटले. युद्ध संपल्यावर अमेरिकनांना मायदेशी परतता आले, पण मागे राहिलेल्या या लोकांना अमेरिकेची साथ दिल्याची किंमत मोजावी लागली. त्यांच्यापैकी पहिली मोठी तुकडी १९८६ मध्ये निर्वासित म्हणून आली ती नॉर्थ कॅरोलायनातच, आणि तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या ग्रीन्सबरोमध्ये आजही त्यांची वस्ती आहे. विक्रेत्यांच्या कथांमध्ये ही माणसे क्वचितच असतात. त्याच दिशेने नव्हे, पण साधारण तितक्याच अंतरावर फेएटव्हिलमध्ये हवाई आणि विशेष दलांचे संग्रहालय आहे. तेथे दोघांनी मिळून जावे. काचेमागचे अस्सल भरतकाम डोळ्यांना सवयीचे झाल्याशिवाय पुढची खरेदी करू नये, हा त्यातला माझा स्वार्थी सल्ला.

हे पॅच जाकिटावर शिवून घालावेत का, असे तुम्ही ताजा कलमात विचारले आहे. आजींचे पॅच किंवा नकली आरटी पॅच जाकिटावर शिवून माजी सैनिकांच्या कार्यक्रमाला जाऊ नका. तेथे एखादे वृद्ध गृहस्थ तुमच्या दंडाकडे पाहून ‘कोणत्या वर्षी?’ असे विचारू शकतात, आणि त्या वेळी ‘मी फक्त गोळा करतो’ हे वाक्य फार कोते पडते.

सांगलीचे म्हणाल तर धोका युद्धापेक्षा पावसाळ्याचा आहे. पॅच धुऊ नका, ड्रायक्लीनला देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच करू नका, कारण गल्लीतल्या शिंप्याने वापरलेले लाल आणि पिवळे धागे पाण्यात रंग सोडतात आणि एकदा तो रंग पांढऱ्या अक्षरांत उतरला की काही उपाय राहत नाही. चिकट पानांचे अल्बम आणि मऊ प्लास्टिकची पीव्हीसीची पाकिटे टाळा. आम्लविरहित कागदात सुटे ठेवून साध्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला. डांबराच्या गोळ्या थेट कापडाजवळ ठेवण्याची आपल्याकडची सवय येथे चालणार नाही. कसर लागल्याची शंका आली तर पॅच हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण सामान्य तापमानाला येईपर्यंत उघडू नये. दमट महिन्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. आणि डबा तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नये. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी कुठवर आले होते, हे सांगलीकराला मी सांगायला नको.

उरलेले चार पॅच, म्हणजे दोन मरीन कोअर या अमेरिकेच्या सागरी सैन्यदलाच्या रेकी पथकांचे आणि दोन कसल्याही नावाविना कवटीचे, यांवर मी फार वेळ घालवणार नाही. मरीन कोअरने खांद्यावरचे पॅच १९४७ मध्येच बंद केले होते, त्यामुळे व्हिएतनाममधले मरीन पॅच अनधिकृतच असत आणि त्यांनाही वरचाच न्याय लागू होतो. ज्या विक्रेत्याकडून सात आरटी पॅच घेतले, त्याला मागच्या बाजूंची छायाचित्रे पाठवून सभ्य भाषेत पैसे परत मागा. मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर त्यांतला एक नमुना म्हणून ठेवा आणि पाठीमागे नव्हे, तर पाकिटाच्या आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने ‘नक्कल’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे उद्या तो दुसऱ्या कोणाच्या हाती गेला तरी पुन्हा अस्सल होणार नाही.

पत्र्याचा डबाही टाकून देऊ नका. झाकणाच्या आत काही लिहिलेले किंवा चिकटवलेले आहे का, हे छायाचित्रात दिसत नाही. आजींकडे जाण्यापूर्वी ते एकदा पाहा.